खडकाळ साइडपट्टीत गार्डरेलचे खांब: वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या एकाच किलोमीटरात जमीन दोन-तीनदा बदलते. सीना-भीमेच्या अंगाला कंबरभर काळी माती असते. जरा चढ लागला की वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि पुढच्या कटिंगमध्ये उघडा काळा पाषाण. त्यामुळे या महिन्यातली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत: क्रॅश बॅरियरचा, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याचा, खांब खाली जात नाही. उत्तरे वाचताना नेहमीचा डब्ल्यू बीम डोळ्यांसमोर धरावा. त्याची ३ मिमी जाडीची पन्हळी पट्टी असते, खांब १५० × ७५ × ५ मिमीच्या चॅनेलचा (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी दांड्याचा), १.८ मीटर लांब, ७० सेंमी जमिनीवर आणि १.१ मीटर जमिनीत. दोन खांबांत २ मीटर अंतर असते, आणि खांब व पट्टी यांच्यामध्ये ३३० मिमी लांबीचा चॅनेलचाच स्पेसर. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांत हीच मापे ठरलेली आहेत.

प्रश्न: पोस्ट ड्रायव्हर मशीनने खांब ठोकताना कुठे ४०, तर कुठे ६० सेंटिमीटरवर खडक लागतो आणि हातोडा नुसता उसळतो. ठेकेदार म्हणतात, "खडकात टेकलाय म्हणजे पक्का झाला, जास्तीचा तुकडा कापा आणि उंची जुळवा." असे केले तर चालेल का? (साइट सुपरवायझर, मोहोळ तालुका)

चालणार नाही. खडकावर टेकलेला खांब पक्का वाटतो तो उभ्या भाराखाली. गाडीची धडक आडवी येते आणि तिला खडकाच्या माथ्यावर टेकलेल्या खांबाकडून काहीच विरोध होत नाही. वरच्या ४० सेंमी मातीत तो फक्त उभा असतो. धडकेत तो मुळासकट उपटून निघतो आणि त्याच्या वाटणीचा भार शेजारच्या दोन खांबांवर जातो. ओळीने दहा-बारा खांब असे कापलेले असतील तर पट्टी दोरीसारखी लोंबते आणि गाडी तिच्यासकट खाली जाते.

खांबाचे काम नीट समजले की पुढची सगळी मापे आपोआप पटतात. धडक पट्टीच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून साधारण ५५ सेंमीवर बसते. चांगल्या दाबलेल्या मातीत १.१ मीटर गाडलेला खांब त्या वेळी जमिनीखाली सुमारे दोन-तृतीयांश खोलीवरच्या एका बिंदूभोवती मागे कलतो. तो बिंदू साधारण ७३ सेंमी खोल धरा. कलताना खांब मागची माती रेटतो आणि गाडीचा जोर त्या मातीत जिरतो. मग बोल्ट पट्टीतून सुटतो आणि पट्टी आपल्या उंचीवर राहून गाडीला सावरून रस्त्यावर वळवते. पट्टीपाशी खांब ३० सेंमी मागे गेला, तर जमिनीलगत तो १७ सेंमी मागे गेलेला असतो. हा १७ सेंमीचा आकडा लक्षात ठेवा. खडकात भोक पाडताना खांबाच्या मागे तेवढी जागा द्यायची असते आणि चूक नेमकी तिथेच होते.

आता काय करायचे ते. आधी खडक किती खोलीवर आहे ते मोजायचे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या रस्ता-सुरक्षा केंद्राने खडकातल्या लोखंडी खांबांवर चाचण्या केल्या आणि त्यावरून तिथे दोन गटांची पद्धत रूढ झाली. आपल्याकडेही ती समजायला सोपी आहे.

खडकावर ४५ सेंमीपेक्षा कमी माती असेल, किंवा खडक उघडाच असेल, तर खडकात सुमारे ५३० मिमी व्यासाचे आणि ६०० मिमी खोल भोक घ्यायचे. माती आणि भोक मिळून १.१ मीटर भरले की तिथे थांबायचे. खांब या भोकाच्या मधोमध उभा करायचा नसतो. तो रहदारीकडच्या कडेला लावून उभा करायचा, म्हणजे मागे सरकायला मोकळी जागा राहते. चॅनेलची १५० मिमीची बाजू रस्त्याला काटकोनात ठेवली की मागे ३५० मिमीच्या वर जागा उरते.

माती ४५ सेंमीपेक्षा जास्त असेल तर वरची माती बरेचसे काम करते. मग खडकात २०० ते ३०० मिमी व्यासाचे भोक ३०० मिमी खोल पुरते. इथेही एकूण १.१ मीटर भरले की बस. तुमच्या ६० सेंमीच्या ठिकाणी ३० सेंमी भोक घ्यावे लागेल. खडक ९५ सेंमीवर असेल तर फक्त १५ सेंमी.

म्हणजे उघड्या खडकात खांब ६० सेंमीच गाडला जाईल आणि एकूण १.३ मीटर लांब लागेल. मग खांब कापणे आलेच ना, असे कोणी म्हणेल. फरक असा की इथे लांबी भोकाच्या मापावरून ठरते, हातोडा जिथे थांबला त्यावरून नाही. शिवाय निविदेत १.८ मीटर लिहिले असेल तर अभियंत्याची लेखी मंजुरी आणि बदललेले रेखाचित्र हातात आल्याशिवाय एकही खांब आखूड करू नका. मोजमाप पुस्तकात प्रत्येक साखळीवरच्या (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेवरच्या) खांबाची प्रत्यक्ष लांबी लिहा. आखूड खांब गॅल्व्हनायझिंगच्या (झिंकच्या मुलाम्याच्या) आधीच कापून मागवणे उत्तम. साइटवर कापावाच लागला तर खालच्या टोकाने कापा, कारण वरच्या टोकाला बोल्टची भोके असतात. कापलेल्या कडेला झिंकयुक्त रंगाचे दोन हात द्या.

प्रश्न: आमच्याकडे खडकात भोक घेऊन खांब उभा करतात आणि एम २० (२० मेगापास्कल ताकदीचे) काँक्रीट ओततात. खांब जराही हलत नाही. याहून मजबूत काय असणार? (शाखा अभियंता, पंढरपूर)

हलत नाही हाच त्याचा दोष आहे. अखंड पाषाणात काँक्रीटने जाम केलेल्या खांबाला मागे कलायला वाव नसतो. धडक बसली की तो जमिनीलगत चिमटा बसल्यासारखा वाकतो आणि त्याचा माथा खाली येतो. त्या वेळी बोल्ट पट्टीतून सुटला नाही तर पट्टीही खाली ओढली जाते. ७० सेंमीवरची पट्टी ५० सेंमीवर आली की गाडीचे पुढचे चाक तिच्यावर चढते आणि गाडी पलीकडे जाते. दुसरा धोका चाकाचा. मातीतला खांब चाकाच्या धक्क्याने मागे सरतो, जाम खांबात चाक अडकते आणि गाडी जागच्या जागी गरकन फिरते. तिसरा धोका पट्टीचा. एक खांब मातीत आणि त्याला लागून दुसरा काँक्रीटमध्ये असेल तर ताण एकाच जोडावर येतो आणि तिथली पट्टी बोल्टच्या भोकापाशी फाटते. मऊ भागातून कडक भागात शिरणारी पहिली दोन-तीन अंतरे त्यामुळे सगळ्यांत धोक्याची असतात.

काँक्रीटच्या ठोकळ्यात खांब बसवण्याची पद्धत आली ती मऊ जमिनीसाठी. काळ्या मातीत किंवा सैल भरावात बारीक चॅनेल माती कापत मागे जातो. त्याला ४५ सेंमीचा ठोकळा दिला की रुंदी वाढते आणि ठोकळ्यासकट खांब मातीत कलतो. तिथे हलायची सोय शिल्लक असते. तोच ठोकळा पाषाणाच्या खोबणीत ओतला की हलण्याची वाटच बंद होते. दोन्ही कामांना साइटवर "फाउंडेशन" म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

भोकात काय भरायचे? बारीक भुकटी नसलेली खडी. २० मिमी खडीत थोडी १० मिमी मिसळून चालते. क्रशरची डस्ट, माती, काँक्रीटचा राडा नको. तळाशी ५० ते ६० मिमी खडी पसरा, तिच्यावर खांब उभा करा, ओळंबा लावा आणि १५०-१५० मिमीचे थर टाकत पहारीच्या बोथट टोकाने ठासा. वरचे १५० मिमी मुरुमाने बंद करा आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. खडी ठेवण्यामागे दोन हेतू आहेत. धडकेत तिचे दाणे एकमेकांवर सरकतात आणि जोर जिरवतात. शिवाय पाणी जिरायला वाट राहते. अखंड पाषाणातले भोक म्हणजे बादलीच. सप्टेंबरच्या पावसात ते भरले आणि वरून माती किंवा डस्टचा चिखल बसला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खांबाच्या बुडाला ओल धरून राहते. गंज नेमका दिसत नाही अशा जागी लागतो. खडकाला उतार असेल तर भोकाच्या खालच्या कडेला बाहेर जाणारी बोटभर खाच मारून द्यावी.

वरून पक्का थर हवाच असेल, म्हणजे साइडपट्टीचे काँक्रीट किंवा डांबर खांबापर्यंत न्यायचे असेल, तर खांबाभोवती साधारण ४५० × ४५० मिमीचा चौकोन मोकळा सोडा आणि खांबाच्या पाठीमागे किमान १८० मिमी जागा राहू द्या. मघाचे १७ सेंमी आठवा. तो चौकोन बंद करायचा झाला तर टेक्सासमध्ये झालेल्या चाचण्यांत ०.८ मेगापास्कलच्या आसपास ताकदीचे कमजोर मिश्रण वापरले होते. एम २० च्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी ती ताकद. हाताने फोडता येईल असेच ते मिश्रण हवे.

जाम केलेले खांब आधीच उभे असतील तर सगळे उपटायला निघू नका. आधी वळणाच्या बाहेरच्या अंगाचे, उंच भरावावरचे आणि माती-खडक बदलाच्या जागेवरचे खांब निवडा. काँक्रीट फक्त वरच्या थरात असेल तर मागची बाजू ब्रेकरने फोडून खडी भरता येते. पूर्ण खोली काँक्रीटची असेल तर तो खांब नव्यानेच बसवावा लागतो.

प्रश्न: आमच्याकडे बोअरवेलची गाडी सहज मिळते. तिने साडेसहा इंची भोक मारून खांब सोडला तर काम झटपट होईल. बरोबर ना? (लहान ठेकेदार, बार्शी)

कागदावर मोजून बघा. साडेसहा इंच म्हणजे १६५ मिमी. चॅनेल १५० × ७५ चा, त्याचा कर्ण १६८ मिमी. कोपरे गोलसर असल्याने खांब कदाचित घुसेल, पण ठासून बसेल. म्हणजे काँक्रीट न ओतताही तो जामच झाला. एवढ्यासाठी ही गाडी परवडणारी नाही.

तिचा उपयोग दुसरा आहे. घट्ट मुरूम किंवा कच्चा खडक असेल, जिथे पोस्ट ड्रायव्हर मशीन चालते पण खांब वळतो, तिथे १०० ते ११५ मिमीचे वाटेचे भोक आधी मारून खांब ठोकता येतो. खांब वाकडा जात नाही आणि कडेची जमीनही शाबूत राहते.

पाषाणात मोठे भोक घ्यायला सगळ्यांत भरवशाची पद्धत म्हणजे कॉम्प्रेसर, जॅकहॅमर आणि कडेने ओळीत भोके. ५३० मिमीचे वर्तुळ खडूने आखा. त्याचा परीघ १६६ सेंमी. त्यावर १०-१० सेंमीवर ३४ ते ३८ मिमीची १६-१७ भोके ६० सेंमी खोल मारा, मध्यावर तीन-चार जास्तीची मारा आणि मग ब्रेकरने मधला गाभा फोडून काढा. गाभा अखंड आणि हट्टी असेल तर मधल्या भोकांत पाचर ठोका किंवा फुगणारी सिमेंटी पावडर वापरा. पावडर उन्हाळ्यात जपून वापरावी लागते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेल्या खडकात ती भोकातून उसळू शकते. म्हणून गरम दिवसांसाठीचा प्रकार घ्या, काम पहाटे करा आणि भोकावर वाकून पाहू नका. ३०० मिमीच्या भोकाचा परीघ ९४ सेंमी, त्याला नऊ-दहा भोके पुरतात.

सुरुंग लावू नका. रस्त्याच्या कडेचा थर सैल होतो, डांबराखाली भेगा जातात आणि भोक नको तेवढे फाटते. त्याची दुरुस्ती कामापेक्षा महाग पडते.

खडीचा हिशेब करून ठेवा. ५३० मिमी व्यास आणि ६०० मिमी खोलीचे एक भोक ०.१३ घनमीटर. एका बाजूला एक किलोमीटरला २ मीटर अंतराने ५०१ खांब. सगळेच उघड्या खडकात आले तर सुमारे ६६ घनमीटर पाषाण फोडावा लागेल आणि जवळपास तेवढीच खडी भरावी लागेल. एवढे सगळे खडकात येत नाही, पण "खडक लागल्यास" ही बाब निविदेत वेगळी नसेल तर हा सगळा भार ठेकेदारावर पडतो आणि मग खांब कापायचा मोह होतो. आमच्या मते मूळ दोष बऱ्याचदा इथे असतो. खडकातला खांब ही स्वतंत्र दराची बाब असावी, हे अंदाजपत्रक करतानाच लिहून घ्या.

प्रश्न: खडक कुठे किती खोल आहे हे आधी कसे कळणार? प्रत्येक खांबाला खड्डा घ्यायचा का? (पदविका विद्यार्थिनी, सोलापूर)

प्रत्येकाला नाही. खांबांच्या ओळीवर दर २० मीटरला जॅकहॅमरच्या लांब ड्रिलने १.१ मीटरपर्यंत भोक मारून बघा. ड्रिल सरसर जाते तोवर माती, आवाज बदलून वेग मंदावला की मुरूम, आणि भोकातून राखाडी भुकटी उडू लागली की पाषाण. शेजारच्या दोन भोकांत खोलीचा फरक २५-३० सेंमीपेक्षा जास्त आला तर मध्ये आणखी एक मारा. डांबराच्या कडेवर रंगाची खूण करा. ४५ सेंमीच्या आत खडक तर लाल, ४५ ते ११० मध्ये पिवळा, त्याखाली हिरवा. खांबांची मागणी या रंगांवरून नोंदवा म्हणजे १.३, १.६ आणि १.८ मीटरच्या किती नगांची गरज आहे ते कळेल.

एकटा धोंडा आणि अखंड खडक यांत फसू नका. भरावात टाकलेला मोठा दगड ड्रिलला खडकासारखाच वाटतो. शंका आली तर अर्ध्या मीटरवर बाजूला दुसरे भोक मारा. ते मोकळे गेले तर तो धोंडा आहे. तो उकरून काढा, खड्डा मुरुमाने थराथराने दाबून भरा आणि खांब नेहमीसारखा ठोका. ड्रिल लावण्याआधी कडेने ऑप्टिकल फायबर, पाण्याची लाइन किंवा विजेची केबल गेली आहे का, हे संबंधित खात्याकडून लेखी विचारून घ्यायला विसरू नका.

प्रश्न: एका जागी खांब काही केल्या बसत नाही. तेवढा एक गाळला तर? (फिटर, अक्कलकोट)

मनाने गाळू नका. अमेरिकेत एका खांबाची जागा मोकळी ठेवून घेतलेली चाचणी यशस्वी झाली आहे, पण त्या प्रणालीत पट्टी जवळपास ७९ सेंमी उंचीवर असते, स्पेसर मोठा असतो आणि पट्टीचे जोड दोन खांबांच्या मधोमध येतात. आपल्या ७० सेंमीच्या पट्टीत जोड खांबावरच येतो, त्यामुळे तो निष्कर्ष इकडे लागू करता येत नाही. खांब थोडा बाजूला सरकवावा म्हटले तर पट्टीतले भोक जुळत नाही. मग गॅसने नवे भोक पाडतात. ते तर अजिबात नको. गॅसने जळलेल्या कडेला झिंक उरत नाही, शिवाय त्या खडबडीत कडेपासूनच पट्टी फाटायला सुरुवात होते. भोक पाडायचेच तर ड्रिलने, आणि तेही अभियंत्याच्या मंजुरीने.

खाली लहान मोरीचा स्लॅब असल्याने खांब जात नसेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे बेसप्लेटचा (बुडाला लोखंडी पाट असलेला) खांब स्लॅबला बोल्टने बसवायचा असतो आणि त्यासाठी स्लॅबची जाडी व सळई तपासून वेगळे डिझाइन लागते.

प्रश्न: सुरुवातीचा आणि शेवटचा खांबही खडीतच बसवायचा का? (वरील सुपरवायझरांचाच दुसरा प्रश्न)

नाही. इथे नियम उलटा आहे. मधले खांब कलले तरी पट्टी ताणलेली राहायला हवी, आणि तो ताण दोन्ही टोकांना बांधलेला असतो. टोकाचा नांगर हलला तर मधल्या सगळ्या खांबांची मेहनत वाया जाते. म्हणून टोकाच्या अँकरला काँक्रीटचा ठोकळा आणि तो खडकात जखडलेला असणे योग्यच. किती मोठा, ते टर्मिनल (बॅरियरचा टोकाचा भाग) बनवणाऱ्याच्या रेखाचित्रावरून घ्या. पट्टीचे उघडे, माशाच्या शेपटीसारखे टोक येणाऱ्या रहदारीकडे तसेच सोडू नका, कारण ते गाडीत भाल्यासारखे घुसते. टोक जमिनीत उतरते केले तर वेगातली गाडी त्यावर चढून उडते. कटिंग जवळ असेल तर टोक वळवून खडकाच्या भिंतीत नेऊन बांधणे सर्वांत चांगले. मात्र तिथवर पट्टीची उंची रस्त्याच्या कडेपासून मोजून कायम ठेवावी लागते.

प्रश्न: गावाजवळ बॅरियर बसला आहे. आम्ही गावकऱ्यांनी काय बघितले म्हणजे काम नीट झाले की नाही ते कळेल? (सरपंच, मंगळवेढा तालुका)

खांबाचे डोके बघा. ते चेपून, कडा बाहेर वळून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झाले असेल, झिंकचे पापुद्रे सुटले असतील, तर खाली खडक लागल्यावरही हातोडा चालू ठेवला होता. डोके सपाट, ताजे कापलेले आणि रंग फासलेले असेल तर खांब वरून कापला आहे. खांब रस्त्याला काटकोनात न राहता पिळवटून तिरका झाला असेल तर त्याचे टोक उतरत्या खडकावरून घसरले आहे.

बुडाशी बघा. खांबाच्या गळ्याला काँक्रीटचा घट्ट कॉलर आहे का? खडकाळ जागेत असेल तर लेखी विचारा. खांबाच्या मागे, उताराची कड सुरू होण्याआधी निदान ६० सेंमी सपाट जमीन हवी. मागची मातीच नसेल तर खांब कशाला रेटणार? अशा ठिकाणी अधिक लांब खांब किंवा बाहेर भराव लागतो.

टेपने उंची मोजा. पट्टीची वरची कड ७० सेंमीवर हवी. रस्त्यावर नवा डांबरी थर चढला की ती कमी होते. पाच-पाच सेंमीचे दोन थर चढले तर ६० सेंमीच उरते, म्हणून नूतनीकरणाच्या कामातच पट्टी वर घ्यायची बाब असली पाहिजे. पट्टीचे जोड बघा. येणाऱ्या गाडीच्या बाजूची पट्टी वर आणि पुढची तिच्या खाली हवी, म्हणजे कड उघडी राहत नाही.

झिंकसाठी अभियंत्याकडे जाडी मोजायचे यंत्र असते. प्रति चौरस मीटर ५५० ग्रॅम म्हणजे ७७ मायक्रॉन. आणि खरी खात्री हवी तर पंचनामा करून दोन-चार खांब उपटून त्यांची लांबी मोजायची मागणी करा. कोणता खांब उपटायचा ते तुम्ही निवडा.

प्रश्न: उसाची भरलेली डबल ट्रॉली या बॅरियरने अडेल का? (वाचक, माळशिरस)

नाही. अशा पट्टीची चाचणी मुख्यतः मोटारीसाठी असते. युरोपच्या एन २ पातळीत १५०० किलोची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने २० अंशांत धडकवतात. भरलेली ट्रॉली त्याच्या कित्येक पट जड आणि तिचा भार उंचावर. जड वाहनांसाठी तीन पन्हळींची पट्टी किंवा काँक्रीटची भिंत लागते, तीही त्या पातळीची चाचणी झालेली. हंगामात ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी आणि दिवा असणे हा उपाय त्याहून स्वस्त आणि लवकर होणारा आहे.

प्रश्न: खडक फोडत असताना रहदारी चालूच असते. किमान काय काळजी घ्यावी? (मुकादम, सांगोला)

कामाच्या आधी सूचना फलक, शंकू आणि झेंडेवाला, आयआरसी एसपी ५५ (कामाच्या जागी रहदारी सांभाळण्याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) प्रमाणे. दिवसभरात जेवढी भोके भरून होतील तेवढीच उघडा. ५३ सेंमीचे, गुडघ्याहून खोल भोक रात्री उघडे राहिले तर शेळी-कुत्रे पडतातच, आणि आषाढी-कार्तिकीच्या आधी याच कडेने पहाटेच्या अंधारात दिंड्या चालत असतात. भरता आले नाही तर लोखंडी पत्रा टाकून त्यावर दोन मोठे दगड ठेवा आणि रिबन बांधा. ड्रिल पाण्यावर चालवा. कोरडे चालवावे लागले तर नाकाला कापड बांधून भागत नाही. मास्क, गॉगल आणि कानाला बोळे मजुरांना कामाआधी द्या. अर्धवट बसवलेली पट्टी टोक उघडे ठेवून रात्रभर सोडू नका, तिच्या टोकासमोर वाळूची पोती आणि परावर्तक ड्रम लावा. दुसऱ्या दिवशी कामाची सुरुवात त्याच टोकापासून करा.